शिपायाची बोली



आपल्या राजारामपुरीत गल्ल्यांना क्रमांक आहेत. पहिली, दुसरी, तिसरी, अशा त्या पलटणीसारख्या ओळीने उभ्या आहेत. अशाच एका गल्लीत माझे बालपण गेले. आमच्या शेजारी एक पेन्शनर हवालदार राहत. आम्ही पोरे त्यांना हवालदारआबा म्हणत असू. अंधार पडल्यावर कोणी त्यांच्या दारावरून गेले की आतून आवाज येई, "हुकुमदार!" आणि आम्ही धूम ठोकत असू.

हुकुमदार म्हणजे हुकूम देणारा, असे मला पुष्कळ वर्षे वाटे. पुढे उलगडा झाला. गोऱ्या अंमलदाराने पहारेकऱ्याला शिकवले होते, "हू कम्स देअर?" म्हणजे कोण येतो आहे? शिपायाला इंग्रजी येत नव्हते, पण हुकूम ठाऊक होता. त्याने तो परका आवाज घरच्या शब्दाच्या साच्यात ओतला आणि 'हुकुमदार' तयार झाला. शिपायाच्या बोलीची सारी घडण या एका शब्दात दिसते. ती ग्रंथातून येत नाही, कानातून येते.

'रिक्रूट'चा रंगरूट झाला, 'गार्ड'ची गारद झाली, फिरंग्यांच्या 'कार्तुश'चे काडतूस झाले. पलटण हा शब्द आपण अस्सल मराठी समजतो. तोही 'बटॅलियन'चाच अपभ्रंश असून त्यात 'प्लटून'ची थोडी भेसळ झाली असावी, असे जाणकार म्हणतात. शिपाई आणि लष्कर हे शब्द त्याआधी फारसीतून आले. फौज जिथे जिथे जाते तिथली धूळ तिच्या जिभेला चिकटते.

हा व्यवहार एकतर्फी मात्र नव्हता. नाशिकजवळचे देवळाली आपणांस माहीत आहे. 1861 च्या सुमारास इंग्रजांनी तिथे छावणी वसवली. मुदत संपलेले गोरे सोल्जर विलायतेच्या जहाजाची वाट पाहत तिथे पडून राहत. उन्हाळ्यात जहाजे नसत. काम नाही, ऊन मी म्हणते आहे, हिवताप आहे आणि घरची ओढ आहे! माणसे भ्रमिष्टासारखी वागू लागत. तेव्हा त्यांचे सोबती म्हणत, याला 'डुलाली टॅप' झाला. डुलाली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. आजही इंग्रज माणूस वेड्याला 'डुलाली' म्हणतो, आणि आपण महाराष्ट्रातल्या एका गावाचे नाव घेतो आहोत हे त्याच्या गावीही नसते!

'विलायती'पासून त्यांनी 'ब्लायटी' केले. ब्लायटी म्हणजे मायदेश. पहिल्या महायुद्धात या शब्दाला नवा अर्थ फुटला. जीव घेणार नाही, पण घरी पाठवील अशा जखमेलाही ते 'ब्लायटी' म्हणू लागले. जखम व्हावी म्हणून मनात नवस करणाऱ्या माणसाची व्यथा या एका शब्दात मावली आहे.

आपल्या शिपायांचे काय? 1915 साली फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी शिपाई घरी पत्रे लिहीत. ती पत्रे तपासनीस वाचत. उघड लिहावे तर पत्र अडणार, न लिहावे तर घरच्यांना कळणार कसे? मग काहींनी मिरचीमसाल्याची भाषा काढली. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, तांबडी म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली आहे, एवढे घरी कळले की शहाण्याने काय ते समजावे! तपासनिसांनाही ते कळले, म्हणून तर आज आपल्याला ठाऊक आहे.

म्हणजे ही बोली केवळ गंमत नव्हे. ती शिणलेल्याला हसवते, आपला कोण आणि परका कोण हे ओळखवते, आणि जे उघड बोलता येत नाही त्यावर पांघरूण घालते. तिला दुसरी बाजूही आहे. मराठी फौजेबरोबर सामान वाहणारे, दुकाने लावणारे, चाकरी करणारे लोक चालत, ते बुणगे. त्यांच्यावाचून फौजेचा तळ चालत नसे. तरी आज 'बाजारबुणगे' ही शिवी झाली आहे. लढणाऱ्याच्या बोलीने राबणाऱ्याला कमी लेखले, आणि आपण ती शिवी विचार न करता चालवतो आहोत.

आता पुन्हा हवालदारआबांकडे येतो. ते मराठा पलटणीतून इटलीत लढले होते. ज्या सेनिओ नदीवर 9 एप्रिल 1945 रोजी शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, त्याच नदीकाठच्या गोष्टी ते सांगत. एकदा त्यांच्या एका जिवलग सोबत्याचा विषय निघाला. आबा म्हणाले, "त्यो तितंच कमी झाला." आमच्याकडे नोकरीवरून काढलेल्या माणसाला 'कमी केला' म्हणत. मी निरागसपणे विचारले, "मग ते घरला आलं काय, आबा?"

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "न्हाई पोरा. कमी झाला म्हंजे कमी झाला." आणि उठून आत गेले.

हजेरीच्या पटावरचा एक कोरडा शब्द त्यांनी वीस-पंचवीस वर्षे छातीशी धरला होता, कारण 'मेला' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता. तो अर्थ मला कळला तेव्हा आबा राहिले नव्हते.

सभ्य गृहस्थहो, या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखे गाव आहे, साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी आहे. शिपाईपण गावांच्या नावांतच शिरले आहे. बेळगावच्या मराठा केंद्रात आपल्याकडची पोरे आजही जातात. तेव्हा आपल्या घरी, गल्लीत कोणी माजी सैनिक असेल, तर त्याच्या मोडक्या हिंदीला हसू नका. तो 'रगडा' म्हणाला, 'लंगर' म्हणाला, तर विचारा, म्हणजे काय हो? आणि तो शब्द वहीत टिपून ठेवा. पदके पेटीत राहतात. शब्द मात्र माणसाबरोबर जातात.

शिपायाची रजा संपली की त्याला निघावेच लागते. माझीही वेळ संपली.