कोंबडीवाल्याचे भय

सन 2006 च्या फेब्रुवारी महिन्यात नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर या गावाचे नाव एकाएकी साऱ्या देशाच्या तोंडी झाले. नवापूर हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील, महाराष्ट्राच्या अगदी कडेचे गाव. तेथील रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात तर काही गुजरातेत मोडतो. या परिसरातील कोंबड्यांच्या शेडांत काही दिवसांपासून मरतूक चालू होती. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने नमुने तपासले आणि 18 फेब्रुवारी रोजी सरकारने जाहीर केले की, हा बर्ड फ्लू आहे. एच 5 एन 1 या जातीच्या विषाणूचा हा भारतातील पहिलाच उद्रेक होता. तीन किलोमीटरच्या वर्तुळातील यच्चयावत कोंबड्या मारून पुरण्याचे काम सुरू झाले. सीमेपलीकडील उच्छल, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही खेडी, त्यामागोमाग बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील इच्छापूर, असे करीत एप्रिलपर्यंत सुमारे दहा लाख पक्षी मारण्यात आले.

या धामधुमीत कोंबड्या पाळणाऱ्यांनी एक गोष्ट सातत्याने सांगितली. हा बर्ड फ्लू नव्हेच, ही आमची नेहमीची राणीखेत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शहरातील सुशिक्षितांनी त्याची संभावना अडाणीपणा किंवा लबाडी अशीच केली. लबाडीचा थोडाफार अंश त्यात असेलही. परंतु त्या म्हणण्यामागे जो अनुभव होता, तो समजून घेतल्यावाचून या रोगाचा बंदोबस्त होणे कठीण आहे.

राणीखेत हा रोग खेड्यातील माणसाला पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा. कुमाऊँच्या डोंगरातील एका गावाचे नाव त्याला विज्ञानाने दिले. मराठी मुलखात त्याला मानमोडी म्हणतात. कोंबडी मान टाकते, मान वाकडी करून गरगर फिरते, हिरवट-पांढरी हगवण लागते, आणि दोन-चार दिवसांत खुराडेच्या खुराडे रिकामे होते. बर्ड फ्लूतही याहून फारसे निराळे दिसत नाही. तुरा निळा पडतो, डोके सुजते, अंडी एकदम कमी होतात, आणि पुष्कळदा काही लक्षण दिसण्यापूर्वीच पक्षी मरून पडतो. या दोहोंतील भेद नुसत्या डोळ्यांनी निश्चित करणे जाणत्या पशुवैद्यालाही साधत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. मग ज्याने दर साली मानमोडी पाहिली त्याने समोरच्या मरतुकीला मानमोडी म्हणावे, यात नवल ते काय?

येथे भाषेतील एक योगायोग सांगण्याजोगा आहे. 1918 साली इन्फ्लुएंझाची जी भयंकर साथ आली, तिलाही महाराष्ट्रात लोक मानमोडीच म्हणत. त्या साथीच्या विषाणूचे मूळही पक्ष्यांतील विषाणूंशी जाऊन पोहोचते, असे आजचे शास्त्र सांगते. परंतु लोकांच्या स्मरणात माणसाची मानमोडी पुसट झाली आणि कोंबडीची तेवढी उरली. आणि कोंबडीच्या मानमोडीचे माणसाला भय नाही. फार झाले तर डोळे येतात. म्हणूनच रोगाच्या नावाचा प्रश्न हा केवळ नावाचा नव्हता. राणीखेत म्हटले की कोंबडी गेली, पण घरची माणसे निर्धास्त. बर्ड फ्लू म्हटले की माणसेही संशयित, गाव बंद, बाजार बंद आणि राहिलेल्या धडधाकट कोंबड्याही खड्ड्यात.

कोंबडीपालकाच्या दृष्टीने भयाचे स्थान या दुसऱ्या गोष्टीत आहे. विषाणू त्याला दिसत नाही, पथक दिसते. पांढऱ्या पोशाखातील, तोंड झाकलेली माणसे दारी येतात आणि संध्याकाळपर्यंत परसात एक पीसही उरत नाही. आजारी कोंबड्यांबरोबर निरोगीही जातात, शेजाऱ्याच्याही जातात. ज्याच्या घरून पहिली खबर गेली, त्याच्याकडे साऱ्या गावाने रोखून पाहावे, हेही ओघानेच आले.

पण ही कोंबडी त्याच्या घरात कोणत्या ठिकाणी आहे, हे पाहिले पाहिजे. नवापूर भागात हजारो पक्ष्यांच्या मोठ्या शेडा आहेत, तशाच आदिवासी पाड्यांवर झोपडीमागे दहा-पंधरा गावरान कोंबड्याही आहेत. या परसातील कोंबड्यांना कोणी खाद्य विकत आणीत नाही. उकिरड्यावर चरतात, रात्री डालग्याखाली झाकल्या जातात. खुडूक कोंबडी रवणीवर बसवावी, निघालेली पिल्ले घार आणि मुंगूस यांच्यापासून जगवावीत, आणि पाहुणा आला, देवाचा नवस फेडायचा झाला, मुलाच्या वहीपुस्तकांना पैसे कमी पडले की एक उचलून आठवडी बाजारात न्यावी, असा हा व्यवहार. बहुतेक ठिकाणी तो घरातील स्त्रीच्या हातचा असतो. दुसरा प्रकार लहान शेडवाल्याचा. त्याने कर्ज काढून शेड बांधलेली असते. पिल्ले आणि खाद्य पुष्कळदा कंपनी पुरविते आणि वाढविलेल्या वजनावर त्याला मजुरी मिळते. याच्या लेखी रोगाचा अर्थ म्हणजे रिकामी शेड आणि न थांबणारा हप्ता.

सरकार मारलेल्या पक्ष्यांची भरपाई देते, ही गोष्ट खरी. केंद्र आणि राज्य यांनी मिळून ती द्यावयाची असते. परंतु ती मिळते पथकाने मारलेल्या पक्ष्यांची. पथक येण्याआधी रोगाने मेलेल्यांची नाही. नियम करणाऱ्याचा हेतू उघड आहे. लवकर कळवाल तर जिवंत कोंबड्यांचे पैसे मिळतील, उशीर कराल तर मेलेल्यांचे काही मिळणार नाही. तर्काच्या दृष्टीने यात खोट नाही. पण पाड्यावरचा माणूस तोच नियम उलट बाजूने वाचतो. कळविल्यावर नमुने जाणार भोपाळला, निकाल येईपर्यंत काही दिवस जाणार, तोवर निम्म्या मरणार, उरलेल्यांचे पैसे केव्हा येतील ते सांगता येत नाही. त्यापेक्षा आजच्या आज बाजारात चार कोंबड्या विकल्या तर रोख पैसा हाती पडतो. मान टाकू लागलेली कोंबडी कापून खाल्ली तर तीही वाया जात नाही. हा हिशेब चुकीचा आहे असे म्हणता येईल. परंतु तो हिशेब आहे, अज्ञान नव्हे. आणि हिशेबाला उत्तर हिशेबानेच द्यावे लागते, भित्तिपत्रकाने नव्हे.

2008 च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये याचा प्रत्यय मोठ्या प्रमाणावर आला. तेथे तेरा जिल्ह्यांत रोग पसरला, बेचाळीस लाखांहून अधिक पक्षी मारावे लागले, आणि त्यांतील बहुसंख्य परसातील होते. पथक येण्याची चाहूल लागताच लोकांनी कोंबड्या लपविल्या, मिळेल त्या भावाने विकल्या, नात्यागोत्यात दुसऱ्या गावी पोहोचविल्या, अशी वृत्ते त्या वेळी प्रसिद्ध झाली. लपविलेली प्रत्येक कोंबडी म्हणजे रोगाला मिळालेले वाहनच. मारण्याच्या भयाने रोग अधिक पसरावा आणि त्यामुळे अधिक मारावे लागावे, असे हे चक्र आहे.

आता या चित्राची दुसरी बाजू. 2006 साली कोंबडी आणि अंडी यांचे भाव देशभर कोसळले. रेल्वेगाड्यांतील जेवणातूनही ती काढून टाकण्यात आली. नवापुरापासून शेकडो कोस दूर असलेल्या, ज्याच्या शेडेत एकही पक्षी आजारी नव्हता अशा पालकाचेही त्यात कंबरडे मोडले. वस्तुतः ताटातील कोंबडी खाणाऱ्याला धोका जवळजवळ नाहीच. सत्तर अंश सेल्सिअसपर्यंत शिजविले की हा विषाणू नष्ट होतो, आणि रश्शात रटरटलेल्या कोंबडीची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळणाऱ्याला, कापणाऱ्याला, त्याची पिसे उपटणाऱ्याला, त्याच्या विष्ठेने माखलेले खुराडे झाडणाऱ्याला. म्हणजे ज्याला भिण्याचे कारण नाही तो शहरवासी भयाने कोंबडी सोडतो, आणि जिने भ्यायला हवे ती गृहिणी मेलेली कोंबडी उघड्या हातांनी सोलीत बसते. या विपर्यासाला वृत्तपत्रांची भडक मांडणीही काही अंशी जबाबदार आहे.

तिला भय का वाटत नाही, याचेही कारण सरळ आहे. तिने आजवर शेकडो कोंबड्या सोलल्या आणि तिला काही झाले नाही. तिच्या आईलाही झाले नाही. हा पुरावा तिच्यापुरता खोटा नाही. 2003 पासून साऱ्या जगात या विषाणूचे मानवी रुग्ण हजाराच्या आसपासच नोंदले गेले आहेत. कोट्यवधी लोक रोज कोंबड्या हाताळतात, त्या मानाने ही संख्या अल्प म्हटली पाहिजे. पण त्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे दगावले, हे त्याच नोंदीचे दुसरे अंग आहे. 1997 साली हाँगकाँगमध्ये अठरा जणांना हा रोग झाला आणि सहा मृत्युमुखी पडले. भारतात 2006 साली एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही, आणि पुढे पंधरा वर्षे लोक त्याच आधारावर निश्चिंत राहिले. 2021 च्या जुलैत हरियाणातील एक अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीच्या रुग्णालयात याच रोगाने मरण पावला. अनुभव ज्याची साक्ष देत नाही असा दुर्मिळ परंतु प्राणघातक धोका माणसाच्या मनावर ठसविणे, हे कोणत्याही देशात सोपे गेलेले नाही.

रोगाचे येणे मात्र थांबलेले नाही. 2021 च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंबा येथे सुमारे आठशे कोंबड्या दगावल्या. त्याच हंगामात नवापुरातही तो पुन्हा उद्‌भवला. 2025 च्या प्रारंभी उरण तालुक्यातील चिरनेर गावी परसातल्या कोंबड्यांत तो आढळला. बाहेरून येणारे रानपक्षी रोग आणतात, असे पालकांना सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु पालकाचे बोट व्यापाऱ्याच्या पिंजऱ्याकडे, अंड्यांच्या ट्रेकडे, या शेडेतून त्या शेडेत फिरणाऱ्या गाडीच्या चाकांकडे असते. आणि एकदा रोग मुलखात शिरल्यावर तो पसरतो तो बहुतांशी याच वाटांनी. या बाबतीत अधिकाऱ्यांनी त्याचे ऐकले तर काही बिघडणार नाही. चुन्याची फक्की, शेडेसाठी निराळी वहाण, दोन शेडांमध्ये हात धुणे, या गोष्टी त्याला पटतात, कारण त्या त्याच्या संशयाशी जुळतात.

भरपाईचे पैसे पक्षी उचलताना दारातच, त्याच दिवशी, आणि जिच्या कोंबड्या तिच्याच नावे मिळाले, तर लपविण्याचे निम्मे कारण उरणार नाही. आज यादीत नाव बहुधा कुटुंबप्रमुखाचे असते. आणि पथक निघून गेल्यावर, बंदीची मुदत सरल्यावर, रिकाम्या डालग्यासाठी पहिली तलंग पुन्हा आठवडी बाजारातूनच येते. ती कोणत्या गावाहून आली, हे विचारण्याची तेथे रीत नाही.