गोधडी : घरच्या माणसांसाठी घातलेला टाका

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीत गोधडीचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ‘ग्रंथ’ या शब्दाचा मूळ अर्थच बांधणे, गुंफणे असा आहे. ताडपत्रांना भोके पाडून ती दोरीत ओवली की ग्रंथ सिद्ध होई. ‘सूत्र’ म्हणजे तर उघडच दोरा. पुढे कागदाच्या पोथ्या आल्या, त्याही बासनात गुंडाळून ठेवल्या जात. म्हणजे अक्षरांना वस्त्राचा आधार पूर्वीपासूनच होता. मात्र पोथी कोणी लिहिली, कोणी नकलून घेतली, याची नोंद शेवटच्या पानावर सापडते. गोधडी कोणी शिवली याची नोंद घरातल्या माणसांच्या आठवणीपलीकडे कोठेही नसते. ती माणसे गेली की नोंदही जाते.

गोधडीला ठिकठिकाणी निरनिराळी नावे आहेत. कोठे गोधडी, कोठे वाकळ. उत्तर कर्नाटकातील कन्नड घरांत तीच कौदी होते. तान्ह्या बाळासाठी शिवले की दुपटे. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी या तिच्याच कुळातल्या. कांथेचे नाव संस्कृत ‘कंथा’ शब्दाशी, म्हणजे ठिगळांच्या वस्त्राशी नाते सांगते. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) या बंगाली सनदी अधिकाऱ्याने खेडोपाडी हिंडून कांथा जमविल्या आणि त्यांचा संग्रह कोलकात्याजवळ जोका येथील संग्रहालयाच्या रूपाने उभा राहिला. मराठी गोधडीच्या वाट्याला असा संग्राहक क्वचितच आला.

गोधडीचे काम दिसते तितके साधे नाही. तिला नवे कापड चालत नाही. अनेक धुण्यांनी खळ निघून गेलेले, रंग मुरलेले, सुताचे लुगडे हवे. नऊवारी लुगडे मध्यभागी विरते, पण त्याचे काठ आणि पदर बरेच दिवस टिकून राहतात. जाणती बाई विरलेला भाग आतल्या थरांत घालते, धड भाग वरच्या पाटीसाठी राखते आणि काठ कडेला आणते. सारवलेल्या जमिनीवर अस्तर ताणून पसरायचे, चार कोपऱ्यांवर वजने ठेवायची, त्यावर चिंध्यांचे आणि जुन्या धोतरांचे थर एकसारखे लावायचे आणि वरून लुगडे घालायचे. एवढे झाले की हाताने चाचपून पाहायचे. आत एखादी सळ राहिली तर ती झोपणाऱ्याच्या पाठीला वर्षानुवर्षे टोचत राहते. मग लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरायचे आणि त्यानंतर धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घालत जायचे. या ओळी शोभेसाठी असतात असे वाटते. पण त्यांच्यामुळे आतल्या चिंध्या एका बाजूला सरकत नाहीत आणि धुताना पडणारा ताण सबंध वस्त्रावर वाटला जातो. गोधडीची ऊबही या थरांत अडकून राहिलेल्या हवेची असते. वस्त्रशास्त्राचा एकही धडा न वाचलेल्या बायकांनी हे ज्ञान हाताने मिळविले आणि हातानेच पुढे दिले.

हे काम बहुधा उन्हाळ्यात निघे. सुगी आटोपलेली, पाऊस लांब, दुपार मोठी. शेजारच्या दोघीतिघी येऊन एकेका कडेला बसत. ज्येष्ठ बाईची दृष्टी मंदावली असली तर नातीने सुईच्या नेढ्यात दोरा ओवून द्यायचा. त्या निमित्ताने नातीचा हातही टाक्यावर बसे. पुढे नवरात्रापूर्वी ‘दसरा काढायचा’ म्हणून घरातली सारी अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेली जात. पाणी प्यालेली गोधडी एकटीला उचलत नसे. ती दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची. शिवण्यापासून धुण्यापर्यंत ती एका हाताची वस्तू नव्हतीच.

या कामातला आनंद कोठे होता, हे पाहू गेल्यास एक गोष्ट ध्यानात येते. गोधडी नेहमी कोणासाठी तरी शिवली जाई. लेक बाळंतपणाला माहेरी यायची असली की आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी आणि कुंची आधीच तयार होत. नवजात बालकाला प्रथम जुनेच वस्त्र घालावे, ही रीत पुष्कळ घरांत होती. तिच्यामागे श्रद्धा होती आणि कोवळ्या कातडीला नवे कापड रुततें हा अनुभवही होता. शिवणारीला पांघरणाऱ्याची उंची ठाऊक असे, त्याला थंडी सोसते की नाही हे ठाऊक असे. एखाद्या घरातली वडीलधारी बाई गेली की तिची लुगडी कोणाला द्यायची हा प्रश्न अवघड होऊन बसे. त्यांची गोधडी झाली की तो आपोआप सुटे. ज्याला त्या लुगड्याचा पदर आठवत असे, त्याला तो गोधडीत बोट ठेवून दाखविता येई.

तथापि या चित्राला केवळ मायेचा रंग देणे अन्यायाचे होईल. असंख्य घरांत गोधडी शिवली गेली ती घोंगडी किंवा ब्लँकेट घ्यायला पैसा नव्हता म्हणून. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण ज्यांना पाळावी लागली, त्यांचे अंथरूणच मुळात तोकडे होते. गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावर ठिगळांचे वस्त्र घालून हिंडत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. त्यांनी ते वस्त्र स्वेच्छेने स्वीकारले होते. गावातल्या गरिबाला ती निवड नव्हती. दिवसभर शेतात राबून दुपारची विश्रांती टाक्यांत घालविणाऱ्या बाईला कोणी कलावती म्हटले नाही, आणि तिच्या श्रमाचा हिशेबही कोणी मांडला नाही.

या सीमाभागापासून जवळच, खानापूर, हल्याळ, यल्लापूर या भागांत सिद्दी समाजाची वस्ती आहे. आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आणल्या गेलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या स्त्रिया कवंदी शिवतात. कडेपासून सुरुवात करून चौफेर फिरत टाका मध्यापर्यंत न्यायचा ही त्यांची पद्धत, आणि चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची ‘फुले’ असल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. ज्यांच्याकडून पूर्वजांचा देश हिरावला गेला, त्यांनी चिंध्यांतून स्वतःची खूण उभी केली. अभ्यासकांचे लक्ष गेल्यावर यांतल्या काही कवंदी देशाबाहेरील प्रदर्शनांतही मांडल्या गेल्या.

आज गोधडीची गरज ओसरली आहे. कारखान्यातली ब्लँकेटे स्वस्त झाली, नऊवारी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या, आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या कितीही धुतल्या तरी सुती लुगड्यासारख्या मऊ होत नाहीत. त्यांची गोधडी घाम टिपत नाही, अंगावरून घसरते. दुसरीकडे शहरांतून हाताने शिवलेल्या गोधडीला गिऱ्हाईक मिळू लागले आहे. विक्रीला नाक मुरडण्याचे कारण नाही. ज्या श्रमाला कधी मोल मिळाले नाही, त्याला ते मिळत असेल तर उत्तमच. मात्र ते शिवणारीच्या हाती पडले पाहिजे. पण विकत आणलेल्या गोधडीत घरचे लुगडे नसते, हेही तितकेच खरे. ती ऊब देईल, ओळख देणार नाही.

म्हणून गरज संपल्यानंतर जे कोणी आवडीने सुई हाती धरतात, त्यांच्याकडे रिकामपणाचा उद्योग म्हणून पाहू नये. पूर्वी जे परिस्थितीने करविले, ते ही माणसे आपखुशीने करतात, आणि नातवासाठी शिवलेल्या एका दुपट्यात आपले कित्येक तास घालतात. त्यांच्याबरोबर नेढे, धावदोरा, अस्तर, सळ, कुंची हे शब्दही जगतात. काम थांबले की शब्द कोशात जाऊन बसतात, आणि कोशातला शब्द बोलता येत नाही.

या वास्तूने शंभर वर्षे शब्द सांभाळले. आता वर्षातून एखादी दुपार वाचनकक्षातली टेबले बाजूला सारून तेथे सतरंजी अंथरावी, गावातल्या जाणत्या बायकांना मानाने बोलवावे, मुलामुलींना त्यांच्या शेजारी बसवावे. कोणती गोधडी कोणी, कोणासाठी, कोणाच्या लुगड्याची शिवली, हे एका वहीत लिहून घ्यावे, आणि ती वही ग्रंथालयाच्या दाखलनोंदीत रीतसर क्रमांक घालून कपाटात ठेवावी. पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव असते. शिवणाऱ्यांची नावे लिहायला शंभर वर्षांनी का होईना, सुरुवात झालेली बरी.