लिलीच्या कांद्याची रजा



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस बोलावला, की तो वेतनकरारावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलणार असे श्रोते धरूनच येतात. चालकांनीही आम्हांला तसाच विषय सुचविला होता. आम्ही मात्र अमरिलिसचा कांदा हा विषय मागून घेतला, आणि त्यांनी थोडे हसून तो दिला, याबद्दल त्यांचे आभार मानतो.

विषय ऋतूला धरून आहे. या चैत्रात आपल्या वस्तीतून सकाळी चक्कर मारावी, तर गॅलरीत, जिन्याच्या कठड्यावर, कुंपणाच्या भिंतीलगत तांबडी-केशरी कर्ण्यासारखी फुले दिसतात. आपण त्यांना नुसते लिली म्हणतो. महिन्याभराने पाहावे, तर त्यांतल्या कित्येक कुंड्या जिन्याखाली सुकत पडलेल्या असतात, काही कचऱ्याच्या गाडीत गेलेल्या असतात. “फूल झाले, आता काय उरले?” असे लोक विचारतात. या प्रश्नाचे उत्तर द्यावयास आम्ही उभे आहोत. आम्ही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली. पुढले शिक्षण वाचनालयात आणि रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत झाले. तेव्हा सांगू ते वाचलेले आणि आपल्या हातांनी करून पाहिलेले, एवढेच समजावे.

प्रथम नावाविषयी. अमरिलिस हे व्हर्जिल या रोमन कवीच्या काव्यातल्या एका गोपीचे नाव. शास्त्राच्या काटेकोर भाषेत ते दक्षिण आफ्रिकेतल्या एका झाडाचे आहे. आपल्या कुंडीतली लिली मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्या वंशाला विल्यम हर्बर्ट या इंग्रज धर्मगुरूने १८२१ साली हिपिअ‍ॅस्ट्रम, म्हणजे घोडेस्वाराचा तारा, असे नाव दिले. नावाचा वाद पुढे इतका लांबला, की १९८७ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत तो निकालात निघाला आणि अमरिलिस हे नाव आफ्रिकेच्या झाडाकडे राहिले. बाजाराने तो निकाल मानला नाही. तेव्हा आम्हीही आज बाजाराचेच नाव वापरतो.

या झाडाच्या इतिहासात आम्हांला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे आर्थर जॉन्सन. हा इंग्लंडात लँकेशायरमधल्या प्रेस्कॉट गावचा घड्याळजी. दिवसभर चाकांचे दाते घासणाऱ्या या कारागिराने १७९९ साली दोन जातींचा संकर करून पहिली संकरित अमरिलिस फुलविली. पुढे त्याचे काचघर मोडले. परंतु त्याआधीच त्याने आपले कांदे लिव्हरपूलच्या वनस्पतिउद्यानाला देऊन ठेवले होते, म्हणून ते वाण वाचले. जवळचे वाटून टाकले तेच टिकले, हे ध्यानात ठेवावे. त्याकडे आम्ही शेवटी येणार आहोत.

आता मूळ प्रश्न. फूल झाल्यावर काय उरते? सगळे झाड उरते. कांदा आडवा चिरला तर एकावर एक पापुद्रे दिसतात. हे पापुद्रे म्हणजे झाडाची शिल्लक. पाने उन्हात राबून अन्न तयार करतात, ते या पापुद्र्यांत साठते. कांद्याच्या पोटात साधारण चार पानांमागे एक फुलाचा दांडा धरतो, आणि तो बाहेर दिसण्यापूर्वी वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ आतच वाढत असतो. म्हणजे आज जे फूल आपण पाहतो ती गेल्या पावसाळ्यातली कमाई आहे, आणि पुढल्या चैत्रातले फूल यंदाच्या पानांनी मिळवावयाचे आहे. फूल झाले म्हणून हिरवी पाने कापणारा माणूस पुढल्या वर्षीच्या फुलाचाच गळा कापतो.

तेव्हा निगा आपल्या पंचांगाप्रमाणे सांगतो. चैत्र-वैशाखात कोमेजलेली फुले खुडावीत, बोंडे धरू देऊ नयेत; बियांत कांद्याची ताकद जाते. पोकळ दांडा मात्र हिरवा असेतो ठेवावा, कारण तोही अन्न करतो. मग येतो नवतपा. नागपूरचे पंचेचाळीस अंश हे या झाडाचे ऊन नव्हे. सकाळचे कोवळे ऊन द्यावे आणि नऊनंतर हिरव्या जाळीची किंवा भिंतीची सावली. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर. एक गोष्ट आपल्या गावापुरती सांगतो : कुलरच्या टाकीतले उरलेले पाणी कुंडीत ओतू नये. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. कुलरच्या जाळीवर जो पांढरा थर धरतो तोच मुळांना मिळतो.

मृग लागला की झाड कामाला लागते आणि संकटेही तेव्हाच येतात. पहिले संकट पाण्याचे. आपली काळी माती भिजली की चिकटते आणि वाळली की भेगाळते. नुसत्या तिच्यात हा कांदा सडतो. एक भाग माती, एक भाग कन्हानची जाड रेती आणि एक भाग जुने, पूर्ण कुजलेले शेणखत घ्यावे. भोकावर खापर ठेवावे, खाली बशी ठेवू नये. कुंडी कांद्याहून दोनच बोटे रुंद असावी आणि कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर राहावा. गळ्यापर्यंत पुरलेला कांदा पहिल्या झडीतच जातो. दुसरे संकट अळीचे. काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेली ही अळी घोळक्याने येते आणि दोन रात्रींत पाने फस्त करते. औषधाच्या बाटलीआधी हात वापरावे. पानांच्या मागे पाहावे, अळ्या उचलून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. पिठ्या ढेकूण ओल्या फडक्याने पुसून काढावा. तांबडे चट्टे पडलेले पान दिसले तर तेवढे काढून टाकावे आणि कांद्याच्या माथ्यावर पाणी पडू देऊ नये.

खत महिन्यातून एकदा मूठभर शेणखत आणि चिमूटभर राख, दसऱ्यापर्यंत पुरे. त्यानंतर जी गोष्ट येते तिच्यासाठी आम्ही हा विषय घेतला, असे म्हटले तरी चालेल.

दिवाळीनंतर या कांद्याला रजा द्यावी लागते. पाणी हळूहळू तोडावे, खत बंद करावे, कुंडी पावसापासून आड ठेवावी. पाने आपण होऊन पिवळी पडतील ती काढावीत, हिरवी राहतील ती राहू द्यावीत. आठ-दहा आठवडे असेच ठेवावे. शहाणे लोक यासाठी थंड खोल्या बांधतात. आपल्याला त्या लागत नाहीत. मार्गशीर्ष-पौषात नागपूरच्या रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात, तीच थंडी पुरते. या दिवसांत कांदा मेल्यासारखा दिसतो आणि घरातले कोणी तरी दया येऊन त्याला तांब्याभर पाणी घालते. ती दया मारक ठरते. विश्रांती म्हणजे आळस नव्हे, हे आमच्या चळवळीला फार झगडून सिद्ध करावे लागले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली ती १८९० साली. आपला शेतकरी तर कोणत्याही कायद्यावाचून पोळ्याला बैलाच्या खांद्यावरचे जू उतरवितो आणि त्या खांद्याला तूप-हळद लावतो. जो राबतो त्याला उसंत, हा न्याय आपल्या घरात जुना आहे. तो कुंडीपर्यंत न्यावा, एवढेच आमचे म्हणणे.

संक्रांत झाली की वरची दोन बोटे माती बदलावी, एकदा भरपूर पाणी द्यावे आणि मग दांड्याचे टोक दिसेपर्यंत बेताबेताने. कुंडी दोन-तीन वर्षांनीच बदलावी. मुळे छेडलेली या झाडाला खपत नाहीत.

एक धोका मात्र स्वच्छ सांगतो. ही लिली आणि आपला जेवणातला कांदा शास्त्राने आता एकाच कुळात धरलेले आहेत, परंतु लिलीचा कांदा विषारी आहे. त्यात लायकोरिन नावाचे द्रव्य असते. खाल्ल्यास वांत्या होतात. तो स्वयंपाकघरात ठेवू नये, पोरांच्या आणि घरच्या कुत्र्यामांजरांच्या तोंडी लागू देऊ नये, कापल्यावर हात धुवावेत.

कोणी विचारील, पोटाचा प्रश्न असलेल्या माणसाला या फुलांचे काय? काही वर्षांपूर्वी हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याला टाळे लागले. भाडे थकले तेव्हा एका कामगाराला खोली सोडावी लागली, आणि सामान हलवावयास आम्ही गेलो. त्याच्या घरच्या बाईंनी सर्वांत शेवटी चार कुंड्यांतले कांदे उपटले, माती झटकली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातले. आम्ही काही बोललो नाही. त्याच म्हणाल्या, “भाऊ, भाड्याच्या घरातलं आंब्याचं झाड नेता येत नाही. कांदा नेता येते.” त्या वर्षी नव्या खोलीत फूल आले नाही, उपटलेल्या मुळांना सावरावयास वेळ लागला. त्याच्या पुढल्या चैत्रात दोन दांडे आले. टाळेबंदी तोवर उठली नव्हती. फुलांनी पगार सुरू होत नाही, हे आम्हांला सांगावयास नको. परंतु ज्याच्या हाती स्वतःचे असे काही उरले नव्हते, त्या घरात पिशवीतून आणलेली एक शिल्लक पुन्हा उभी राहिली, आणि ती त्या घराने दारात ठेवली. याचे मोल आम्ही हलके धरत नाही.

आता शेवटचे. जुन्या कांद्याच्या कुशीत पिल्ले येतात. स्वतःची मुळे फुटलेले पिल्लू संक्रांतीच्या सुमारास हलक्या हाताने वेगळे करावे. दोन-तीन वर्षांत ते आईसारखेच फूल देते. आपल्याकडे तेव्हाच हळदीकुंकू असते आणि वाण लुटतात. प्लास्टिकचे डबे पुष्कळ झाले. येत्या संक्रांतीला आमच्या भगिनींनी एकेक पिल्लू वाण म्हणून द्यावे, आणि बंधूंनी आजपासून एकाही कुंडीला कचऱ्याच्या गाडीत जाऊ देऊ नये. फुलाचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. पानांच्या दिवसांत पाणी घालणारे आणि थंडीच्या दिवसांत हात आवरणारे थोडे. त्या थोड्यांत आपली गणना व्हावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.