उकळीची शीतल शक्ती

उकळते पाणी एखाद्या वस्तूस थंड ठेवते असे कोणी म्हटले, तर ती थट्टाच वाटावयाची. उकळी म्हटली की मनुष्यास चटका आठवतो. परंतु चुलीवरील पितळी पातेल्याकडे लक्ष दिल्यास या विधानातील सत्य पटते. खाली जाळ कितीही मोठा असो, आत पाणी खळखळत आहे तोवर पातेल्यास इजा पोचत नाही. पाणी आटले आणि गृहिणीचे दुर्लक्ष झाले, की थोड्याच वेळात भांड्याची कल्हई जाते. कल्हई म्हणजे कथील. ते २३२ अंश सेंटिग्रेडला वितळते. म्हणजे इतका वेळ त्या भांड्याचे रक्षण उकळते पाणीच करीत होते.

हे रक्षण होते कसे? एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास १०० कॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करावयास आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. आणि एवढी उष्णता गिळूनही त्याचे उष्णमान शंभर अंशांपुढे जात नाही. हिला गुप्त उष्णता म्हणतात. तळाशी जन्मलेला प्रत्येक बुडबुडा या उष्णतेचे गाठोडे घेऊन वर जातो आणि त्याची जागा घेण्यास नवे पाणी धावते. एक हजार वॉटच्या इस्त्रीचा तळ दोनशे चौरस सेंटिमीटरांचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरातून पाच वॉट उष्णता बाहेर पडते. साध्या पृष्ठभागावर उकळणारे पाणी तेवढ्याच जागेतून सुमारे शंभर वॉट वाहून नेऊ शकते.

परंतु या हमालीस मर्यादा आहे, आणि ती ओलांडली गेली की कुंपणच शेत खाऊ लागते. घावन घालण्यापूर्वी गृहिणी तव्यावर पाण्याचा शिपका मारते. तवा बेताचा तापला असेल तर थेंब चर्र होऊन नाहीसे होतात. तो फारच तापला असेल तर तेच थेंब मोत्यांसारखे गोल होऊन इकडेतिकडे धावतात आणि बराच वेळ टिकतात. अधिक तापलेल्या धातूवर पाणी अधिक टिकावे, हे नवल योहान गोटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ सालच्या आपल्या ग्रंथात वर्णिले आहे. त्याने लाल तापलेल्या लोखंडी पळीत थेंब सोडून पाहिले होते. थेंबाखाली वाफेचा पातळ थर साचतो, आणि वाफ उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे उष्णता थेंबास फार सावकाश पोचते. लोहार हत्यारास पाणी देताना तापलेले पाते पाण्यात हलवीत राहतो; त्याने हाच वाफेचा पडदा फाटतो.

या मर्यादेचे मोजमाप जपानमधील तोहोकु विद्यापीठाच्या शिरो नुकियामा यांनी केले, व ते १९३४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी पाण्यात बारीक तार बुडवून तीतून वीज सोडली. तारेच्या विद्युत्‌रोधावरून त्यांना तिचे उष्णमान कळे. वीज वाढविली तसतशी उकळी जोरावत गेली, पण तारेचे उष्णमान पाण्याच्या उकळबिंदूहून थोडेच वर राहिले. मग एका टप्प्यावर वीज किंचित वाढविताच निक्रोमची तार पाण्यात बुडालेली असतानाच वितळून तुटली. प्लॅटिनमची तार अधिक सोशिक. ती तुटली नाही, पण पाण्याखाली तापून तळपत राहिली. सभोवती पाणी, आणि मध्ये जळती तार! बुडबुडे इतके दाट झाले होते की त्यांचेच एक पांघरूण बनले आणि पाण्यास तारेपर्यंत वाटच उरली नाही.

हा धोका प्रयोगशाळेपुरता नाही. तारापूर येथे १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्याच जातीच्या आहेत. अशा भट्टीत इंधनाच्या नळ्यांवर पाणी उकळते. तेथे वाफेचे पांघरूण बसले, तर नळीचे आवरण फुटून किरणोत्सर्गी द्रव्य पाण्यात उतरावयाचे. म्हणून भट्टीची शक्ती त्या मर्यादेपासून हात राखूनच ठेवतात. संगणकाच्या सिलिकॉनच्या चकतीची अडचण वेगळी आहे. प्रचंड गणिते करणाऱ्या काही चकत्यांतून दर चौरस सेंटिमीटरास शंभराच्या आसपास वॉट बाहेर पडतात. परंतु विजेच्या भयाने तेथे पाण्याचा थेट स्पर्श चालत नाही. वीज न वाहणारे काही फ्लोरिनयुक्त द्रव आहेत खरे. पण त्यांची गुप्त उष्णता पाण्याच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास भरते, आणि त्यांपैकी बरेचसे निसर्गात लवकर विरत नाहीत.

मग उपाय काय? पहिला उपाय लोहाराचाच : पाणी वेगाने वाहते ठेवावे आणि ते थंड असावे, म्हणजे बुडबुडे सुटतात व जागीच विरतात. दुसरा उपाय आकाराचा. नभोवाणीच्या प्रक्षेपकांतील मोठ्या निर्वात नळ्यांसाठी १९५० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये व्हॅपोट्रॉन नावाची योजना निघाली. नळीच्या तांब्याच्या अंगास जाड दाते ठेवून ती पाण्यात उभी करीत. दात्याचे मूळ फार तापले, तरी टोक मर्यादेच्या आत राहून उष्णतेचा भार उचलते. त्यामुळे पांघरूण सर्वत्र पसरत नाही. इंग्लंडमधील कल्हम येथे १९८३ ते २०२३ पर्यंत चाललेल्या जेट या अणुसंमीलन यंत्रातही याच जातीचे भाग वापरले गेले.

तिसरा उपाय पृष्ठभागाच्या पोताचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत एव्हलिन वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली असा एक पृष्ठभाग प्रसिद्ध केला. त्यावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे रुंद खळगे परस्परांपासून सुमारे दोन मिलिमीटरांवर कोरले होते. बुडबुडे त्या खळग्यांतच जन्मतात आणि अंतरामुळे एकमेकांस चिकटत नाहीत. भोवतीच्या सूक्ष्म खांबांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, पाणी तळाशी ओढले जाते. वाफेस जाण्याची वाट निराळी, पाण्यास येण्याची निराळी!

या सर्व उपायांचे सार एकच आहे. उष्णता वाहून नेणारी वाफ आपले ओझे घेऊन तत्काळ निघून गेली, तर ती यंत्राचा प्राण राखते. तीच दारात रेंगाळली, तर यंत्राचा घात करते. म्हणून उकळी किती मोठी यापेक्षा, बुडबुडा किती लवकर सुटतो आणि त्याच्या जागी पाणी किती लवकर येते, याकडेच शास्त्रज्ञांची दृष्टी लागलेली आहे.