स्वयंसेवक, सरहद्द आणि सभागृह



दीक्षान्त प्रसंगी स्नातकांना राष्ट्रसेवेचा उपदेश करावा अशी एक जुनी वहिवाट आपल्या विद्यापीठांत पडलेली आहे, आणि बोलणारा जितका वयोवृद्ध तितका त्याचा आवेश अधिक, हेही आपण सारे जाणतो. तो उपदेश मी करणार नाही. तुमच्यापैकी पुष्कळांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत वनराई बंधारे घातले असतील, वाडीवस्तीवर जाऊन पाहणीचे तक्ते भरले असतील. त्यातल्या काहींनी ते वाढीव गुणांच्या आशेने केले असेल, तरी पाणी अडायचे ते अडलेच, तेव्हा मला त्यात काही वावगे वाटत नाही. मला बोलायचे आहे ते असे की, तरुणांच्या या तत्परतेविषयी सरकार जे धोरण आखते, किंवा आखण्याचे टाळते, त्याचा जाब कोण आणि कोठे विचारतो. आणि ही सेवा देशाची सरहद्द ओलांडून परराष्ट्रव्यवहाराच्या प्रांतात शिरली म्हणजे त्या जाबाची काय गत होते.

उदाहरण आपल्या उंबरठ्यावरचे आहे. १९५४ साली पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली, आणि पुढील वर्षी, १८ मे १९५५ रोजी, नानासाहेब गोरे आणि पंचाहत्तरीला टेकलेले सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी पोर्तुगीज हद्दीत शिरली. त्यांच्यामागून तुकडीमागून तुकडी गेली; शाळामास्तर, गिरणीकामगार, शेतकरी आणि तुमच्या वयाची महाविद्यालयीन मुले त्यांत होती. हातात तिरंगा, अंगावर लाठी झेलण्याची तयारी, आणि परवाना मात्र कोणत्याच सरकारचा नाही. १५ ऑगस्ट १९५५ या दिवशी हजारो निःशस्त्र सत्याग्रही निरनिराळ्या नाक्यांवरून आत गेले. पत्रादेवीसारख्या ठिकाणी गोळीबार झाला आणि त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली.

आता या साऱ्या काळात भारत सरकारचे धोरण काय होते, हे पाहू लागले म्हणजे मनुष्य बुचकळ्यात पडतो. १९५४ च्या ऑगस्टात गोमंतकीयांखेरीज इतर भारतीयांना सरहद्दीवर अडविण्यात आले. १९५५ च्या उन्हाळ्यात तोच अडसर सैल झाला. जुलैत दिल्लीतील पोर्तुगीज वकिलात बंद करण्यास फर्मावण्यात आले. आणि ऑगस्टातील रक्तपातानंतर काही आठवड्यांच्या आत सत्याग्रहींना हद्द ओलांडण्याची साफ मनाई झाली. यांतील प्रत्येक पावलाचे स्वतंत्रपणे समर्थन करता येते. नुकतीच बांडुंगची परिषद झालेली, पंचशीलाच्या तत्त्वांची शाई वाळलेली नाही, अशा वेळी शस्त्राने प्रश्न सोडविणे नेहरूंना प्रशस्त वाटत नव्हते, आणि त्यांची ही अडचण खोटी नव्हती. परंतु माझे मत स्पष्टपणे सांगायचे तर, सरकारने त्या महिन्यांत स्वयंसेवकाला धड आपला म्हटले नाही आणि धड परका म्हटले नाही. त्याच्या त्यागाने लिस्बनवर दडपण येत होते तोवर तो चालला, आणि त्याचे रक्त सांडून राष्ट्राराष्ट्रांत अवघड प्रश्न उभे राहिल्यावर तोच नको झाला. याला धोरण म्हणण्यापेक्षा सोय म्हणणे अधिक रास्त होईल.

अशा सोयीला धोरणाचे रूप देण्यास भाग पाडणारे एकच ठिकाण त्या वेळी देशात होते आणि ते म्हणजे लोकसभा. पंतप्रधानच परराष्ट्रमंत्री असल्यामुळे उत्तर त्यांनाच द्यावे लागे, आणि ते त्यांनी दिले, सविस्तर दिले. त्या वर्षी बहरामपूरचे खासदार त्रिदिब चौधुरी हे स्वतःच सत्याग्रही होऊन गोव्यात शिरले, पकडले गेले, आणि लोकसभेचे सदस्यत्व अंगावर असताना सुमारे दीड वर्ष पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहिले. ज्या सभागृहात मंत्र्याने खुलासा करायचा त्याच सभागृहाचा सदस्य परदेशी कोठडीत आहे आणि त्याच्या सुटकेसाठी आपल्याला वकिलातही उरलेली नाही, कारण वकिलाती दोन्हीकडून बंद झाल्यावर भारताच्या हितसंबंधांची देखरेख इजिप्तकडे सोपविलेली होती, अशी ती विलक्षण परिस्थिती! वकिलात बंद करण्याचा निर्णय राष्ट्राच्या स्वाभिमानाला शोभणारा होता यात शंका नाही; पण त्या निर्णयाची किंमत गोव्यातील आग्वाद किल्ल्याच्या तटबंदीआडचे कैदी मोजणार, हा हिशेब मांडणारे कोणीतरी हवे असते. सत्याग्रहात पकडले गेलेले गोरे, शिरुभाऊ लिमये, मधू लिमये आणि चौधुरी १९५७ च्या फेब्रुवारीत सुटले. त्याच वर्षी नानासाहेब पुण्यातून लोकसभेवर निवडून गेले, आणि पुढे दोन दशकांनी लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले. म्हणजे स्वयंसेवक, प्रश्नकर्ता आणि राजदूत या तिन्ही भूमिका एकाच माणसाच्या वाट्याला आल्या. मधू लिमये १९६४ साली मुंगेरमधून सभागृहात आले, आणि नियमावली हेच ज्याचे शस्त्र आहे असा सदस्य मंत्र्यांची काय अवस्था करू शकतो हे त्यांनी दाखवून दिले.

हे शस्त्र चालते कसे, ते थोडे जवळून पाहा. लोकसभेचा सदस्य साधारणतः किमान पंधरा दिवसांच्या मुदतीने प्रश्नाची नोटीस देतो, शब्दमर्यादा दीडशे, मित्रराष्ट्राविषयी अनादराने बोलायचे नाही, असा नियमच आहे. सूचना फार असतात, म्हणून सोडत निघते. दिवसाकाठी वीस प्रश्नांवर तारा लागतो, त्यांची उत्तरे तोंडी द्यायची असतात. दोनशेतीस प्रश्न ताऱ्यावाचून राहतात, त्यांची उत्तरे लेखी मिळतात. तारांकितांची यादी हिरव्या कागदावर आणि अतारांकितांची पांढऱ्यावर छापण्याची रीत आहे. आता लेखी उत्तर हे दप्तरातल्या चार हातांखालून गेलेले, घासूनपुसून गुळगुळीत केलेले असते. तोंडी उत्तराला मात्र पुरवणी प्रश्न जडलेला असतो, आणि तो मंत्र्याला आधी ठाऊक नसतो. ताऱ्याचे सारे मोल त्या पुरवणीत आहे. म्हणूनच १९६२ च्या नोव्हेंबरात चीनच्या आक्रमणामुळे बोलाविलेल्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास वगळला गेला, आणि २०२० च्या सप्टेंबरात साथीच्या कारणाने तो पुन्हा वगळून केवळ लेखी उत्तरे ठेवली गेली, तेव्हा गमावले ते नेमके काय, हे तुमच्या ध्यानात येईल.

आणि मंत्री म्हणतो की, माहिती गोळा करण्यात येत असून ती यथावकाश सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल. हे वाक्य पुष्कळांना बगल वाटते, आणि पुष्कळदा ती असतेही. पण ते वाक्य उच्चारले की ते आश्वासन ठरते. १९५३ साली, मावळंकर सभापती असताना, अशा आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी एक स्वतंत्र समिती नेमण्यात आली, आणि तीन महिन्यांच्या मुदतीत ते पुरे न झाल्यास खात्याला मुदतवाढ मागावी लागते. ज्याचा वृत्तपत्रांत उल्लेखही होत नाही असे हे काम आहे. मला मात्र ते गाजलेल्या भाषणांपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

परराष्ट्रव्यवहारात या साधनांची गरज अधिक आहे, याचे कारण आपल्या घटनेतच आहे. परकीय सत्तेशी तह करण्याचा अधिकार कार्यकारी सरकारचा. त्यासाठी संसदेची पूर्वसंमती लागत नाही. देशाचा मुलूख द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती हवी, हे बेरुबारीच्या प्रकरणात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. बाकी पुष्कळसा प्रांत मोकळा आहे. ब्रिटिश अमदानीत तर परराष्ट्रसंबंध हा विषयच कायदेमंडळाच्या कक्षेबाहेर ठेवलेला होता. त्या मनाईच्या मानाने आपण फार पुढे आलो, तरी सवयी चिवट असतात. अक्साई चीनमधील रस्त्याविषयी सरकारने चीनला निषेधाचा खलिता पाठविला तो ऑक्टोबर १९५८ मध्ये. संसदेला त्याची खबर मिळाली १९५९ च्या ऑगस्टात, आणि सभागृहाचा दबाव वाढल्यावर सप्टेंबरात पहिली श्वेतपत्रिका पटलावर आली. मधले दहा महिने सभागृहाला अंधारात ठेवून देशाचे कोणते हित साधले, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

त्याच १९५९ च्या ऑगस्टात तरुणांच्या सेवेविषयी दुसऱ्या टोकाचा विचार सुरू झाला, आणि त्याचा धनी होता एक महाराष्ट्रीय. सर चिंतामणराव देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाशी विचारविनिमय न होता निर्णय झाला असा स्पष्ट आरोप करून १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडलेले, त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय सेवा समितीने सुचविले की, शाळा संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला नऊ महिने ते वर्षभराची सेवा सक्तीची करावी. देशमुखांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तरीही सल्लामसलतीवाचून झालेल्या निर्णयाचा निषेध म्हणून सत्ता सोडणाऱ्या पुरुषाने लक्षावधी तरुणांवर ही सक्ती सुचवावी, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. खर्चाचा आकडा आणि अंमलबजावणीतील अडचणी यांपुढे ती सूचना टिकली नाही. पुढे प्राध्यापक सैयदेन यांनी निरनिराळ्या देशांतील पद्धतींचा अभ्यास करून सेवा शक्यतो स्वेच्छेची असावी असा अभिप्राय दिला, कोठारी आयोगाने शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्याशी सेवेची सांगड घालावी म्हटले, आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी सदतीस विद्यापीठांत, चाळीस हजार स्वयंसेवकांनिशी, तुम्हांला परिचित असलेली राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे माझा मुद्दा उघड होतो. १९५५ मध्ये तरुण सरकारच्या पुढे धावला आणि सरकारने त्याची जबाबदारी घेण्यास काचकूच केली. १९५९ मध्ये सरकारला तरुण हुकमी हवासा वाटला. दोन्ही वेळी विचारावयाचा प्रश्न एकच होता, की या मुलांच्या वेळेचा, श्रमांचा आणि प्रसंगी प्राणांचा जो विनियोग होतो त्याला उत्तरदायी कोण. आणि तो प्रश्न सेनापतीने, कुलगुरूने किंवा पुढाऱ्याने विचारून भागत नाही, कारण त्यांना उत्तर देण्यास मंत्री बांधलेला नाही. सभागृहाला तो बांधलेला आहे.

सभागृहाचे दुसरे साधन म्हणजे १९९३ पासून आलेल्या खातेनिहाय स्थायी समित्या. आज एकवीस सदस्य लोकसभेचे, दहा राज्यसभेचे, मंत्र्याला त्यांत जागा नाही. अर्थसंकल्प मांडल्यावर त्या अनुदानाच्या मागण्या तपासतात, सचिवांना समोर बसवून तरतूद का खर्ची पडली नाही ते विचारतात, आणि बैठका बंद दाराआड होत असल्यामुळे सदस्य पक्षाचा अंगरखा थोडा सैल करून बोलतात. दोष एवढाच की शिफारशी बंधनकारक नाहीत, आणि खात्यांच्या भिंती समित्यांतही उभ्या राहतात. युवक कार्य एका समितीकडे, परराष्ट्रव्यवहार दुसरीकडे. एकीचे कामकाज राज्यसभेचे सचिवालय पाहते, दुसरीचे लोकसभेचे. २०२२ मध्ये युक्रेनमधून सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत आले, त्यांत विद्यार्थीच बहुसंख्य. त्यांना आणणे परराष्ट्र मंत्रालयाचे काम, त्यांच्या अर्धवट राहिलेल्या वैद्यकीय शिक्षणाचे काय हा प्रश्न आरोग्य मंत्रालयाचा. विमानतळावर स्वागत झाल्यानंतरचे महिने त्या मुलांनी या दोन दारांमध्ये काढले. परदेशी जाणारा भारतीय तरुण, मग तो शिकण्यास जावो वा सेवेस, सरकारच्या कोणत्या दप्तरात नोंदला जातो, हे १९५५ इतकेच आजही विचारण्याजोगे आहे.

स्नातकहो, तुमच्यापैकी काहीजण उद्या परराष्ट्रसेवेत जातील, काही संस्थांत, काही परदेशी. एक काम मात्र आजच करता येईल. लोकसभेच्या वादविवादांचे जुने खंड संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या वाचता येतात; १९५५ च्या जुलै ते सप्टेंबरचे काढा, गोव्यावरील चर्चा वाचा, आणि उत्तर कोठे सरळ आले व कोठे वळसा घालून, ते पेन्सिलीने टिपून ठेवा. मग या वर्षीच्या एखाद्या अतारांकित उत्तराला तीच कसोटी लावा. समित्या एखादा विषय हाती घेतात तेव्हा जाहिरात देऊन नागरिकांची निवेदनेही मागवितात. ती पाठविण्यास फी पडत नाही. आणि आपल्या खासदाराकरवी एखादा प्रश्न विचारून घ्यावयाचा असेल, तर नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत ध्यानात ठेवून पत्र अधिवेशनाच्या पुरेसे आधी टाका.