खंदक ओलांडण्यापूर्वी

'ओल्ड स्कूल रूनस्केप' हा संगणकावरचा खेळ २०१३ साली सुरू झाला. आंतरजालाद्वारे हजारो माणसे त्यातील एकाच काल्पनिक जगात वावरतात. नवखा खेळाडू लम्ब्रिजच्या किल्ल्यापाशी येतो, तेव्हा त्याच्यापाशी किरकोळ हत्यारांपलीकडे फारसे काही नसते. त्याने आधी कोंबड्या माराव्यात, मासे धरावेत, लाकडे तोडावीत. त्यात कमीपणा नाही. मिळकत मात्र किल्ल्याच्या वरच्या मजल्यावरील पेढीत ठेवावी. कारण उत्तरेस एक खंदक आहे, आणि त्यापलीकडील रानात खेळाडू खेळाडूस मारू शकतो. तेथे मरणाऱ्याकडे सामान्यतः सर्वांत मोलाच्या तीनच वस्तू उरतात; बाकीच्या मारणाऱ्याच्या. विनाकारण हल्ला करणाऱ्याच्या डोक्यावर मात्र कवटी उमटते. तो मेला, तर त्याच्या त्या तीनही जातात. नियम करणाऱ्यांना न्यायाची थोडी चाड होती म्हणायची!

पण नवखा बहुधा तलवारीआधी गोड बोलण्याने मरतो. कोणी 'नाणी दे, दुप्पट करतो' म्हणतो. कोणी खजिन्याच्या मिषाने खंदकापर्यंत नेतो. महिन्याची कमाई क्षणात जाते, आणि पुन्हा कोंबड्यांपासून आरंभ करावा लागतो. रान पाहण्याची हौस असेलच तर खुशाल जावे. मात्र आधी पेढीत सारे ठेवून, हाती एक साधी तलवार आणि स्वतः भाजलेले चार मासे घेऊन.