नवा धडा आणि जुनी आठवण



मराठीत ‘कवी’ दीर्घ लिहायला शिकलेला मुलगा पुढे हिंदीतले ऱ्हस्व ‘कवि’ शिकतो आणि मराठीच्या पेपरातही तेच लिहून येतो. आपण म्हणतो, पोराचे लक्ष नाही. मला हे पटत नाही. नव्या अभ्यासामुळे जुन्याची आठवण दबते, हे जर्मनीत म्युलर व पिल्झेकर यांनी १९०० सालीच दाखवले.

अमेरिकेत १९३१ साली मॅकगिओक व मॅक्डोनाल्ड यांनी लोकांकडून विशेषणे पाठ करून घेतली. त्यानंतर आकडे पाठ केले तेव्हा विशेषणे फारशी विसरली नाहीत. त्यांचेच समानार्थी शब्द पाठ केले तेव्हा सर्वांत जास्त विसरली. साम्य जितके अधिक, तितका घोळ अधिक. (आम्हा बँकवाल्यांना एकाच आडनावाच्या खातेदारांवरून हे ठाऊक आहेच!) तेव्हा मराठीनंतर लगेच हिंदी घेऊ नका, मध्ये गणित घ्या.

आता झोपेविषयी. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेनकिन्स व डॅलेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून दहा-दहा निरर्थक अक्षरसमूह पाठ करून घेतले. आठ तास जागे राहिल्यावर सरासरी एकच आठवला, तेवढेच तास झोपल्यावर पाचांहून अधिक. विद्यार्थी दोनच होते हे खरे, पण पुढच्या संशोधनातही झोपेचा फायदा दिसला आहे.

आपल्यापैकी अनेकांचे घर एका खोलीचे. मुलांचे वाचन संपले की टीव्ही बंद करा, दिवा मालवा. पाठ करून झोपलेल्या मुलीला उठवून दुसरे पुस्तक हातात देऊ नका, एवढी पालकांना विनंती. जयभीम.